चाकावर तास-दोन तास, उरलेल्या दिवसाचं काय?

प्रश्न (थोडक्यात): मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठ महिने दर शनिवारी एका पॉटरी स्टुडिओत चाकावर काम शिकते आहे. तिथे गेलं की वेळ कुठे जातो कळत नाही. हेच करिअर करावं असं वाटतं. बाबा म्हणतात, छंद म्हणून ठीक, पण यात पोट भरणार नाही. कॉलेज सोडून सिरॅमिक्सचा कोर्स करू, की एखाद्या स्टुडिओत शिकाऊ म्हणून राहू? आणि एक, नखं कायमची कापावी लागतात का?

उत्तर:

तुझ्या मूळ पत्रात 'चाक' हा शब्द नऊ वेळा आला आहे. मी मोजले. 'भट्टी' एकदाही नाही. म्हणून आधी तिथेच थांबते.

तू शनिवारी जातेस तेव्हा माती मळून, गोळे करून तयार असते. तू कप घडवतेस, फळीवर ठेवतेस, हात धुऊन घरी येतेस. दोन-तीन आठवड्यांनी तोच कप चकचकीत होऊन हातात येतो. मधल्या काळात कुणीतरी तो झाकून ठेवला, बूड तासलं, वाळवला, भाजला, ग्लेझमध्ये, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या चकाकणाऱ्या लेपात, बुडवला, तळ पुसला, परत भाजला. तू ज्या करिअरबद्दल विचारते आहेस, ते त्या 'कुणीतरी'चं आहे.

हे मलाही उशिराच कळलं. काही वर्षांपूर्वी अशाच एका पत्राला मी कोर्सेसची यादी पाठवून मोकळी झाले होते. वर्षभराने तो मुलगा भेटायला आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही कधी स्टुडिओ आतून पाहिलाय?" नव्हता पाहिला. त्यानंतर लाजेखातर एका स्टुडिओत आठवडाभर जाऊन बसले. पुढचं बरंचसं तिथलं आहे.

सकाळी कुणी चाकावर बसलं नाही. आदल्या दिवशीच्या कपांवरचं प्लास्टिक उचलून तिथल्या ताईंनी एक कप गालाला लावला. गार लागला म्हणजे आत अजून ओल आहे. कान जोडायचे तर कप आणि कान यांची ओल सारखी हवी, नाहीतर वाळताना दोघं वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि जोडापाशी तडा जातो. कप तासाभराने हवे तसे होतील, असं त्यांनी ठरवलं आणि तोवर माती मळायला घेतली. पावसाळी हवेत हाच तास अख्खा दिवस होतो. पंखा जोरात लावला तर काठ आधी वाळतात, बूड ओलंच राहतं आणि कप वेडावाकडा होतो. म्हणजे दिवसाचं वेळापत्रक माती ठरवते. सहा वाजले, निघते, असं म्हणता येईलच असं नाही.

मग ती बादली. तासताना निघालेले काप, फसलेली भांडी, सगळं एकत्र. मला वाटलं, ओलं आहे तोवर पाण्यात टाकलं की झालं. तसं नाही. अर्धवट ओली माती पाण्यात तशीच चिवट पडून राहते. पूर्ण वाळलेली टाकली की फसफसून भुगा होतो. तो गाळायचा, पसरून पाणी आटवायचं, पुन्हा मळायचा. मळण्यात कसूर झाली की आत हवा राहते आणि चाकावर भिंत वर ओढताना बोटाखाली फोड लागतो. हे काम रोजचं आहे, आणि ते करताना कुणी फोटो काढत नाही.

संध्याकाळी मी मदत म्हणून झाडू शोधायला लागले, तर तिथे झाडूच नव्हता. कोरडं झाडणं बंद. मातीच्या धुळीत सिलिका असते. तिचे बारीक कण फुप्फुसात जाऊन बसले की बाहेर येत नाहीत, आणि वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिले तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. म्हणून ओल्या फडक्यानेच पुसायचं, ग्लेझची पूड कालवताना चांगला मास्क लावायचा. एखाद्या स्टुडिओत कोरडा झाडू आणि धुळीने पांढरी झालेली फळी दिसली तर तिथे शिकायला राहू नकोस, शिकवणारा कितीही मोठा असो.

आता भट्टी. पहिली भाजणी साधारण १००० अंश सेल्सिअसची. स्टोनवेअर, म्हणजे जास्त उष्णतेत भाजून टणक केलेलं भांडं, असेल तर ग्लेझची भाजणी १२०० ते १३०० अंशांच्या दरम्यान. वाटेत ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झची (गारेच्या खनिजाची) रचना बदलते आणि ते एकदम फुगतं. थंड होताना तिथेच परत आकसतं. घाईने भट्टी उघडली तर तडा जातो तो बहुधा अशाने. म्हणून भाजून झाल्यावरही दिवसभर थांबायचं. नुसत्या तापमानावर विसंबून चालत नाही, ते किती वेळ टिकलं हेही महत्त्वाचं. त्यासाठी आत कोन नावाचे छोटे सुळके ठेवतात. पुरेशी उष्णता मुरली की ते वाकतात. ओल्या मातीपासून भाजून निघेपर्यंत भांडं दहा-बारा टक्के आकसतं, तेव्हा बारा सेंटिमीटरचा कप हवा असेल तर साडेतेराचा घडवावा लागतो.

त्या आठवड्यात एक भट्टी माझ्यासमोर उघडली. चाळीस कप होते. ताई एकेक उचलून टिचकी मारत होत्या. खणखणीत वाजला की डावीकडे, बद्द वाजला, म्हणजे तडा गेलेला, की उजवीकडे. पाच बद्द निघाले. आणखी तिघांवरून ग्लेझ ओघळून ते भट्टीतल्या फळीला चिकटले होते, छिन्नीने काढावे लागले. त्यांनी वहीत आकडे लिहिले आणि चहाही न घेता फळ्या घासायला बसल्या.

तुझ्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर या वहीत आहे, आणि तुझ्या कॉमर्सचंही. चाळीस कपांची माती, वीज आणि मेहनत आता बत्तीस कपांच्या किमतीतून वसूल व्हायला हवी. कप चाकावर घडायला काही मिनिटं लागतात. पण वजन करून गोळा करण्यापासून खोक्यात भरेपर्यंत तो पंधरा-वीस वेळा हातात घ्यावा लागतो, आणि बरेच जण किंमत लावतात ती चाकावरच्या मिनिटांची. हात उत्तम असूनही स्टुडिओ बंद पडतात ते अशा हिशोबाने. कॉस्टिंग तू शिकते आहेस. ते अर्धवट टाकून जाणं मला शहाणपणाचं वाटत नाही. पदवी पूर्ण कर.

बाबांना असंही सांग की फक्त भांडी विकून घर चालवणारे कमीच. बहुतेक जण जोडीला वर्ग घेतात, भट्टी भाड्याने देतात, हॉटेलांच्या ऑर्डरी घेतात. टाइल्स आणि सॅनिटरी वेअरच्या उद्योगात डिझाइनचं कामही असतं, पण ती वेगळी नोकरी, तिथे चाक क्वचितच लागतं. बाबांची काळजी खोटी नाही. फक्त 'पोट भरणार नाही' ऐवजी 'पहिली काही वर्षं एका कामावर भरणार नाही' असं म्हटलं तर ते खरं होईल.

कोर्स की शिकाऊ? कोर्समध्ये ग्लेझचं रसायन नीट कळतं, चुका करायला भट्टी मिळते. प्रवेशाआधी एवढंच विचार: भट्टी विद्यार्थी स्वतः भरतात का, ग्लेझ स्वतः बनवतात का? दोन्हीला 'नाही' असेल तर तो कोर्स म्हणजे लांबवलेला शनिवार. शिकाऊ म्हणून राहिलीस तर वेग येतो, हात बसतो. इंग्लिश कुंभार बर्नार्ड लीच आणि जपानी कुंभार शोजी हमादा यांनी १९२० मध्ये इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्जला जो स्टुडिओ उभारला, तिथे अमेरिकेतले वॉरन आणि अ‍ॅलिक्स मॅकेन्झी शिकायला गेले. त्यांची भांडी पाहून लीचनी आधी नकारच दिला. मग हे दोघं रात्री भट्टी राखायला त्यांच्यासोबत बसले, गप्पा झाल्या, आणि लीचनी मत बदललं. प्रवेश मिळाल्यावरही ठरलेले आकार पुन्हा पुन्हा घडवणं हेच मुख्य काम होतं. तुला याचा कंटाळा येईल का, हे मी इथून सांगू शकत नाही.

ते कळायचा एक मार्ग आहे. तुझ्याच स्टुडिओत विचार की तीन महिने, आठवड्यातून दोन दिवस, शिकायला नाही तर हाताखाली येऊ का. माती मळणं, बादली, फरशी, भट्टी भरणं, जे सांगतील ते. त्या काळात एकदा चारशे ग्रॅमचे तीस गोळे कर आणि तीस सारखे कप घडव. त्यातले सगळ्यात आवडलेले पाच तारेने उभे कापून भिंतीची जाडी बघ. कापताना हात अडखळेल. मला त्यानंतरचं तुझं पत्र हवं आहे, कापण्याआधीचं नको.

पाठीचं तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. चाकावर वाकून बसण्याने कंबर आणि मळण्याने मनगटं जातात. बैठकीची उंची पहिल्या दिवसापासून नीट ठेव, समोर आरसा लाव म्हणजे भांडं बघायला मान वाकडी करावी लागणार नाही.

आणि नखं, हो, कापावीच लागतात. लांब नखाची रेघ कपाच्या आतल्या बाजूला उमटते आणि ग्लेझखालीही दिसते. त्या स्टुडिओत एक मुलगी मात्र डाव्या करंगळीचं नख राखून होती. कानाच्या जोडावरची जास्तीची माती ती त्याच नखाने काढायची.