चाळीस प्रवासी, एक तक्रार: ॲप-टॅक्सीबाबत वाचकांचे प्रश्न

प्रश्न (कोथरूड, पुणे): आमच्या सोसायटीतल्या 40 जणांना एकाच ॲप-टॅक्सी कंपनीचा सारखाच अनुभव आहे. चालक फोन करून "कुठं जायचंय, कॅश देणार का?" असं विचारतो. ऑनलाइन म्हटलं की गाडी जागची हलत नाही. शेवटी कंटाळून आम्हीच राइड रद्द करतो आणि कॅन्सलेशन चार्ज आमच्याच माथी बसतो. प्रत्येकी 50 ते 200 रुपये गेलेत. अमेरिकेसारखा 'क्लास ॲक्शन' (सगळ्यांच्या वतीने एकच) खटला आपल्याकडे करता येतो का?

उत्तर: करता येतो, पण तुमच्यासाठी ती वाट लांबची आहे.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 35(1)(सी) नुसार एक किंवा काही ग्राहक, ग्राहक आयोगाच्या परवानगीने, सारखेच हित असलेल्या सर्व ग्राहकांच्या वतीने तक्रार करू शकतात. तिला प्रातिनिधिक तक्रार म्हणतात. तिला दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 1, नियम 8 लागू होतो, आणि खर्च तिथेच वाढतो. ज्यांच्या वतीने तुम्ही उभे राहता त्या सगळ्यांना नोटीस द्यावी लागते. त्यांची नावे-पत्ते ठाऊक नसतील तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, आणि तीही तुमच्या खिशातून. मध्येच तडजोड करायची म्हटली तरी पुन्हा नोटीस. निकाल मात्र सगळ्यांना बांधील, ज्यांना या तक्रारीचा पत्ताही नाही त्यांनासुद्धा. म्हणूनच 'हित खरोखर सारखे आहे का' हे आयोग काटेकोरपणे तपासतो.

बंगळूरच्या एका गृहप्रकल्पाच्या प्रकरणात (ब्रिगेड एंटरप्रायझेस, डिसेंबर 2021) सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा सोडवला. प्रकल्पात 1,134 सदनिका होत्या आणि तक्रारदार होते 51 सदनिकांचे 91 खरेदीदार. सगळ्यांचे हित सारखे कसे, हे तक्रारीत मांडलेलेच नव्हते, म्हणून ती प्रातिनिधिक ठरली नाही. पण न्यायालयाने ती फेटाळलीही नाही. या 91 जणांपुरती संयुक्त तक्रार म्हणून ती चालू शकते, असे सांगितले.

तुमचा मार्ग हाच: 40 जणांची संयुक्त तक्रार. जाहीर नोटीस नाही, शहरभरच्या प्रवाशांचे ओझे नाही. वरवर सारख्या वाटल्या तरी तुमच्या हकिकती तपशिलात एकसारख्या नसतील. एकाला चालकाने फोन केला असेल, दुसऱ्याच्या गाडीने वाट चुकवली असेल, तिसऱ्याचे भाडेच वेगळे असेल. प्रातिनिधिक तक्रार शोभते ती प्रत्येक बिलात ठरावीक रकमेचे तेच शुल्क लावले असेल तिथे, म्हणजे एका कागदाने सगळ्यांचे म्हणणे सिद्ध होते तिथे.

तक्रार पुण्याच्या जिल्हा आयोगातच करा, कंपनीचे कार्यालय कुठेही असो. तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथे दाद मागता येते. सेवेपोटी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. मुदत घटनेपासून 2 वर्षे, तेव्हा सर्वांत जुनी राइड आधी तपासा. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते.

सर्वाधिक तक्रारी अडतात त्या पुराव्यापाशी. नकाशावर थिजलेल्या गाडीचा, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, चालकाशी झालेले चॅट आणि कॉल लॉग त्याच दिवशी जपून ठेवा. राइड मिटली की चॅट पुन्हा उघडेलच, या भरवशावर राहू नका. सोबत ईमेलने आलेले बिल, यूपीआय किंवा बँकेची नोंद आणि ॲपमधल्या तक्रारीचा क्रमांक लावा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडा. ई-वाणिज्य नियम 2020 नुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यायचे असते. आयोगात जाण्याआधी त्याला लिहून ठेवा, तो कागद पुढे उपयोगी पडतो.

विरुद्ध पक्ष म्हणून ॲपचे नाव घालू नका. बिलावर छापलेले कंपनीचे पूर्ण नाव आणि पत्ता घाला. एकट्या चालकावर तक्रार करणे तर व्यर्थच.

मुद्दा असा मांडा: त्याच ई-वाणिज्य नियमांतील नियम 4 म्हणतो की ग्राहकाकडून रद्दीकरणाचे शुल्क घ्यायचे तर कंपनीने एकतर्फी रद्द केल्यावर तसेच शुल्क तिनेही सोसले पाहिजे. तुम्हालाच रद्द करायला भाग पाडणे ही त्यातली पळवाट आहे, हे स्पष्ट लिहा.

प्रश्न (ठाणे): "आम्ही फक्त प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देतो, सेवा चालकाची", असे कंपनी म्हणते. शिवाय अटींमध्ये लवादाचे कलम आहे (वाद कोर्टात न नेता खासगी लवादापुढे न्यायचा, अशी अट). मग दावा टिकेल का?

उत्तर: दोन्ही बचावांना उत्तर आहे. पहिल्याचे तर तुमच्याच ठाण्यात मिळाले. डोंबिवलीच्या एका वकील महिलेचे 2018 मध्ये उबरच्या राइडमधल्या दिरंगाईमुळे चेन्नईचे विमान चुकले. ठाण्याच्या अतिरिक्त जिल्हा आयोगाने 2022 मध्ये कंपनीलाच जबाबदार धरले आणि 20,000 रुपये द्यायला लावले. ॲप कंपनीच्या हातात आणि पैसेही तिलाच, हा त्यामागचा विचार.

लवादाच्या कलमाने ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ प्रकरणात डिसेंबर 2018 मध्ये स्पष्ट केले आहे.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): इथे 'क्लास ॲक्शन' ऐकतो फार, पण राइड कंपन्यांविरुद्ध प्रवाशांच्या पदरात काही पडते का?

उत्तर: थोडेच. अमेरिकेत गाडी लवादाच्या कलमापाशीच अडते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये, एटी अँड टी मोबिलिटीच्या खटल्यात, सामूहिक दावा नाकारणारी लवादाची कलमे उचलून धरली. मग वाद उरतो तो एवढाच की नोंदणी करताना अटींची लिंक नीट दिसत होती का. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने 2017 मध्ये दिसत होती म्हटले, तर बोस्टनच्या अपील न्यायालयाने 2018 मध्ये पुरेशी ठळक नव्हती म्हटले. दोन्हीकडे प्रतिवादी उबरच, फक्त पडद्याची मांडणी वेगळी!

तडजोड झालीच तर दरडोई किती? उबर 'सेफ राइड्स फी' म्हणून दर फेरीला 1 डॉलर घ्यायची. चालकांच्या पार्श्वभूमीची तपासणी ती सांगते तशी नाही, असा दावा होता. फेब्रुवारी 2016 मध्ये 2.85 कोटी डॉलर द्यायचे ठरले, प्रवासी सुमारे 2.5 कोटी. न्यायालयाला ती तडजोड त्या रूपात पटली नाही आणि रक्कम पुढे 3.25 कोटींवर गेली. तरी माणशी हिशेब तुम्हीच करा.

तडजोडीची नोटीस आली तर तीन तारखा पाहा: दावा भरण्याची, बाहेर पडण्याची आणि हरकत घेण्याची. काहीच केले नाही तर बहुधा पैसे मिळत नाहीत आणि स्वतंत्र दाव्याचा हक्कही जातो. पैसे भरून दावा नोंदवा म्हणणारी नोटीस खोटी समजा. त्या वाट्यापेक्षा तुमचे नुकसान मोठे असेल तर स्मॉल क्लेम्स कोर्ट (छोट्या रकमेच्या दाव्यांचे न्यायालय) पाहा. उबरच्या तिथल्या अटींमध्ये लवादाला तो अपवाद आहे.

प्रश्न (नाशिक): माझे गेले फक्त 50 रुपये. आयोगात कोण जाणार?

उत्तर: जाऊ नका. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 17 नुसार ग्राहकवर्गाच्या हिताला बाधक गोष्टींची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे लेखी अथवा ईमेलने करता येते. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद करा. उदाहरणार्थ, रॅपिडो या ॲप कंपनीची जाहिरात होती, '5 मिनिटांत रिक्षा, नाहीतर 50 रुपये'. प्रत्यक्षात मिळत होती 'कॉइन्स', तीही 50 रुपयां*पर्यंत*, 7 दिवसांत फक्त बाइकसाठी वापरायची. ऑगस्ट 2025 मध्ये प्राधिकरणाने 10 लाखांचा दंड केला आणि ज्यांना ते पैसे मिळाले नव्हते त्यांना परत करायला सांगितले. मनस्तापाची भरपाई मात्र इथे मिळत नाही, ती आयोगातच मागावी लागते.