इन्स्टाग्राम एक रुपयाही कमवत नव्हतं, तरी फेसबुकने ते का घेतलं? स्वतःच तसं ॲप बनवता आलं नसतं का?

अहो बनवलं होतं की! फेसबुक कॅमेरा नावाचं ॲप मे 2012 मध्ये आलं होतं, इन्स्टाचा सौदा जाहीर झाल्यावर दीडेक महिन्यात. फिल्टर वगैरे सगळं होतं. आठवतंय का कुणाला? 2014 मध्ये बंदही करून टाकलं.

मुळात ॲप बनवणं अवघड नसतंच, चार चांगले इंजिनियर बसवले की होतं ते. लोकांची सवय कुठून आणणार? इन्स्टात माणसं जेमतेम 13, पण वापरणारे तीनेक कोटी, आणि सगळे मोबाईलवर. नेमका तिथेच फेसबुकचा जीव अडकलेला, कारण ते मूळचं कॉम्प्युटरवरचं, मोबाईल ॲप रडतखडत चालायचं आणि त्यात आयपीओ, म्हणजे शेअर बाजारात उतरणं, तोंडावर आलेलं. एप्रिलमध्ये इन्स्टा अँड्रॉइडवर आलं तर एका दिवसात दहा लाखांवर डाउनलोड, आणि त्याच आठवड्यात हा 1 अब्ज डॉलरचा सौदा.

झुकरबर्गच्या डोक्यात काय होतं ते नंतर त्याच्याच मेलमधून बाहेर आलं, 2020 मध्ये अमेरिकन संसदेच्या चौकशीत. फेब्रुवारी 2012 मध्ये त्याने आपल्या फायनान्स प्रमुखाला लिहिलं होतं की आपण खरं तर वेळ विकत घेतोय, म्हणजे ही कंपनी आपल्याकडे आली की दुसरा कुणी तेवढा मोठा होईपर्यंत आपल्याला वर्षभर तरी मिळेल. मग पाऊणेक तासाने परत मेल, की स्पर्धा थांबवायला घेतोय असं मला म्हणायचं नव्हतं हं. (वकील आठवला असणार, हा माझा अंदाज!)

व्हॉट्सॲपचंही तेच, फक्त 2014 पर्यंत भाव 19 अब्जांवर गेला होता. तेव्हा तर फेसबुककडे ओनावो नावाचं ॲप होतं, लोक ते डेटा वाचवायला टाकायचे आणि कोण कुठलं ॲप किती वापरतंय ते फेसबुकला घरबसल्या कळायचं. व्हॉट्सॲप किती जोरात वाढतंय हे त्यांना तिथूनच दिसत होतं.

या खरेद्यांवर अमेरिकन सरकारने 2020 मध्ये मक्तेदारीची केस टाकली, पण नोव्हेंबर 2025 मध्ये कोर्टात मेटा (म्हणजे फेसबुकच, नवीन नावाने) जिंकली, कारण आता टिकटॉक, यूट्यूब समोर आहेत. मला नाही पटलं, 2012 चा हिशोब 2025 च्या बाजारावर कसा लावणार?

आणि जो विकत नाही त्याचं काय? स्नॅपचॅटने 2013 मध्ये फेसबुकचे 3 अब्ज डॉलर नाकारले, तर 2016 मध्ये त्यांचं स्टोरीज फीचर जसंच्या तसं इन्स्टावर, नावासकट.