‘शास्त्रात सांगितले आहे’ म्हणून जबाबदारी संपते का?

आपला प्रश्न असा आहे की, धर्माच्या नावाने कुणावर जुलूम झाला तर दोष धर्माचा की तो करणाऱ्या माणसाचा. ग्रंथांत अन्यायकारक वचने आहेतच, त्यामुळे धर्माला सरसकट निर्दोष ठरवण्याचा माझा हेतू नाही. पण त्याच परंपरेत समुद्र ओलांडणेही निषिद्ध मानले जाई आणि परदेशातून परतलेल्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे. आज मुलगा अमेरिकेला निघाला की घरचेच त्याला ओवाळून निरोप देतात. कोणते वचन सोडायचे आणि कोणते धरून ठेवायचे हे आपणच ठरवतो, आणि बहुतेक वेळा जे सोडल्याने आपला फायदा होतो तेच सुटते.

विधवांच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसते. पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ सालीच मान्यता दिली होती. तरीही ३७ वर्षांनंतर, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. बहिष्काराचा निर्णय कुठल्या पोथीने घेतला नव्हता. तो त्यांना लहानपणापासून ओळखणाऱ्या गावकऱ्यांनी घेतला होता. याउलट १८९० मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले. मला हे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ‘आम्ही केवळ सांगितलेले काम करतो’ असे म्हणण्याची सोय खरे तर त्यांनाच सर्वाधिक होती. रूढी त्यांनी निर्माण केलेली नव्हती आणि तिचा मान त्यांना मिळत नव्हता. तरी वस्तरा आपल्या हातात आहे, एवढी गोष्ट त्यांनी ओळखली.

आपली भाषाही अशा वेळी माणसाला लपायला जागा देते. ‘बांगड्या फोडल्या जातात’, ‘करावे लागते’, ‘पद्धत आहे’ या वाक्यांत कर्ता कुठेच सापडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पुढे राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. मला त्या ठरावाचे मोल वाटते ते यासाठी, की त्यामुळे वाक्यात कर्ता परत आला: आम्ही, या गावचे लोक, हे करणार नाही.

हे मी तटस्थपणे लिहीत नाही. माझे काका गेले तेव्हा दहाव्या दिवशी काकूला पाटावर बसवले, आणि घरातल्याच थोरल्या बायकांनी, ज्यांतल्या दोघी स्वतः विधवा होत्या, मला स्वयंपाकघरातून बत्ता आणायला सांगितले. कशासाठी हवा आहे हे मला ठाऊक होते. गुरुजी तेव्हा नदीवरून परतलेही नव्हते, म्हणजे शास्त्र काय म्हणते हे विचारायला तिथे कुणी नव्हते आणि कुणी विचारलेही नाही. काकू माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाली, “दोन तरी राहू देत रे.” मी बत्ता आणून दिला आणि पडवीत जाऊन उभा राहिलो. आवाज तिथेही ऐकू आला.

पुढे कित्येक वर्षे मी स्वतःला सांगत असे की निर्णय मोठ्यांचा होता, मी विरोध केला असता तरी काही बदलले नसते, आणि दुःखाच्या घरात वाद घालणे बरे दिसले नसते. तिन्ही कारणे थोडीफार खरी आहेत. त्यांतल्या एकाचाही धर्माशी संबंध नाही, हे मात्र मला फार उशिरा उमगले.

दोन वर्षांपूर्वी मी काकूजवळ हा विषय काढला आणि तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “तुझे काय चुकले? तू लहान होतास.” मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो.