गृहपाठात दिसणारं घर

चि. …,
अनेक आशीर्वाद.

पहिल्याच चाचणीत वर्गाचे सरळ दोन भाग पडले, वर शिकल्यासवरल्या घरांतली मुलं आणि खाली हातावर पोट असलेल्या घरांतली, हे बघून तू हबकलास. स्टाफरूममध्ये कुणीतरी "घरीच वातावरण नाही, आपण काय करणार?" म्हणून विषय मिटवला, तेही लिहिलंस. हे वाक्य तुला निवृत्तीपर्यंत ऐकायला मिळेल. ते निखालस खोटं असतं तर सोपं होतं, पण त्यात तथ्य आहे आणि पंचाईत तिथेच आहे.

जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत सुमारे 4,000 शाळांची पाहणी झाली, तिचा अहवाल 1966 साली आला. इमारती, प्रयोगशाळा, पुस्तकं यांतल्या तफावतीतून गुणांतली तफावत उलगडेल, असा सगळ्यांचा होरा होता. निघालं भलतंच. शाळेकडे काय आहे यापेक्षा मूल कुठल्या घरातून आलंय, याचा गुणांशी जास्त संबंध दिसला. पुढे कोलमनच्या पद्धतीवर भरपूर टीका झाली, गरीब देशांत शाळेचा वाटा मोठा असतो असंही काहींनी दाखवलं. तरी घराचा प्रभाव काही कुणाला खोडून काढता आला नाही.

मात्र तेवढ्यावर थांबू नकोस. घर नेमकं करतं काय, ते बघ. पैशाचा भाग उघडच आहे: शांत कोपरा, शिकवणी, वेळेवर मिळालेला चष्मा. न दिसणारा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फ्रान्सचे समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी त्याला सांस्कृतिक भांडवल म्हटलं. शाळेची भाषा, मोठ्यांशी बोलायची ढब, पुस्तकांची सवय या गोष्टी शाळा शिकवत नाही, पण मुलाकडे त्या असतील असं धरून चालते. ज्याला त्या घरून मिळाल्या तो "हुशार" ठरतो.

उद्या वर्गात गणित घालशील तेव्हा फळ्याकडे नाही, मुलांकडे बघ. एक जण दोन मिनिटांत वही घेऊन तुझ्या टेबलाशी येईल, "सर, हे असंच ना?" तू नकळत अर्धी रीत सांगून टाकशील. मागच्या बाकावरची मुलगी त्याच पायरीवर अडलेली असेल. ती खोडेल, पुन्हा लिहील, शेजारणीच्या वहीत डोकावेल आणि शेवटी तारीख नि समास नीटनेटके करत बसेल. हात वर होणार नाही. जेसिका कालार्को या संशोधिकेने अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत हेच बारकाईने टिपलं. मध्यमवर्गीय पालक मुलांना "अडलं तर विचार" असं शिकवतात. कष्टकरी पालक "बाईंना त्रास देऊ नकोस, आपलं आपण कर" असं बजावतात. दुसरी शिकवण संस्कार म्हणून तसूभरही कमी नाही, माझ्या मते जरा सरसच. पण शिक्षकाचा वेळ विचारणाऱ्याच्याच वाट्याला जातो. म्हणून विचारायची वाट बघू नकोस. बाकांमधून फिर, न बोलणाऱ्यांच्या वह्या आधी बघ.

गृहपाठाचंही तेच. मोठ्या माणसाशिवाय पुरा होऊच शकत नाही असा प्रोजेक्ट दिलास, तर तू पालकांना मार्क देतोयस. छापखान्यातून आल्यासारखे ते तक्ते कुणी केलेत हे आपल्याला ठाऊक असतं आणि तरी आपण ते भिंतीवर लावतो! असली कामं वर्गातच, तुझ्यासमोर करून घे.

आता एक इशारा. घरची परिस्थिती जाणून घे, पण तिचा शिक्का मारू नकोस. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधिकांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तोवर तथाकथित उच्च आणि खालच्या जातींच्या मुलांत फारसा फरक नव्हता. सगळ्यांसमोर जात पुकारली आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. मुलं तीच, कोडीही तशीच. तेव्हा "तुझे वडील काय करतात?" हे भर वर्गात कधीच विचारू नये. आणि कणव येऊन सोपी गणितं देणं, "याला एवढंच जमेल" म्हणून पास करणं, हाही शिक्काच. अवघड गणित त्यालाही दे, फक्त सोबत बस.

पालकसभेला न येणाऱ्यांना बेफिकीर म्हणू नकोस. पुष्कळांची त्या दिवसाची मजुरी बुडते, काहींना स्वतःच्या शाळेच्या आठवणी दारातच अडवतात. सभेची वेळ त्यांना विचारून ठरव, आणि पहिला निरोप तक्रारीचा नसावा. "आज तुमच्या मुलीने फळ्यावर गणित सोडवलं" एवढंही पुरे.

पुढच्या सत्राचे प्रोजेक्ट काय ठरवलेस, ते कळव. आणि मागच्या बाकावरच्यांनी काय विचारलं, तेही.

तुझ्या बाई