हाडांवरून गुराचं वय: पोलिसांनी एक आकडा मागितला तरी देऊ नका

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूच्या बागेत गुराचा सांगाडा मिळाला, कानात टॅग नाही, आणि पोलिसांना "नक्की किती वर्षांचं" ते हवंय, असं तुम्ही विचारलंय. डॉक्टर, एक आकडा अजिबात देऊ नका. हाड "एवढ्याच्या वर" नाहीतर "एवढ्याच्या आत" इतकंच सांगतं, बाकीचं आपण पदरचं घातलं की उलटतपासणीत तेच पकडतात.

आधी खालचा जबडा. आदत (सगळे दुधाचे दात), दोन दाती, चार दाती (तेवढे कायमचे दात आलेले) हा हिशोब समोरच्या दातांवर चालतो, पण ते एका मुळाचे असल्याने मांस कुजलं की गळून पडतात, म्हणून जबड्याखालची माती चाळून घ्या. दाढा मात्र घट्ट राहतात. मोठ्या दाढांपैकी पहिली साधारण ५-६ महिन्यांत, दुसरी १५-१८ आणि तिसरी २४-३० महिन्यांत येते. तिसरी अर्धवट वर आलेली दिसली तर अर्धं काम झालंच, आणि पूर्ण आली असेल तर तिचा मागचा छोटा खांब भिंगाने बघा, तो सगळ्यात शेवटी झिजायला लागतो. एक्स-रेची सोय असेल तर काढाच, हिरडीखालची दाढही दिसते.

मग पायाची हाडं. वाढत्या वयात त्यांची टोकं सुटी असतात आणि पुढे मधल्या हाडाला जुळतात. ह्युमरसचं (पुढच्या पायाचं वरचं हाड) कोपराकडचं टोक १२-१८ महिन्यांत जुळतं, मेटाकार्पलचं (पुढच्या गुडघ्याखालचं हाड) खालचं दोन-अडीच वर्षांत, फीमरचं (मागच्या मांडीचं हाड) गुडघ्याकडचं साडेतीन-चार वर्षांत, मणक्यांच्या टोकांच्या हाडी चकत्या त्याहूनही उशिरा. म्हणजे मेटाकार्पल जुळलंय पण फीमरचं ते टोक अजून सुटं आहे, तर जनावर दोनच्या वर आणि चारच्या आत, बस्स.

आपल्याकडे खरी अडचण पुढेच आहे. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) आम्लधर्मी माती, त्यात चार महिने पाऊस, वर कुत्री, आणि कुत्री आधी मऊ टोकंच कुरतडतात. टोक नाही म्हणून "जुळलेलं नव्हतं" असं लिहून टाकू नका हो! न जुळलेल्या हाडाचा पृष्ठभाग खडबडीत, उंचसखल पण अखंड असतो. चावलेलं असेल तर कडा फाटलेल्या, दातांचे खड्डे आणि आतली जाळी उघडी दिसते. आणि सुटी टोकं दगड समजून कोणी फेकत नाही ना ते बघा, तोच तुमचा पुरावा.

आणखी एक, पुस्तकातले हे आकडे बरेचसे युरोपियन जातींचे. आपली श्वेतकपिला (गोव्याची देशी जात), गावठी गुरं, त्यात अर्धपोटी वाढलेली किंवा बैल खच्ची केलेला, तर टोकं उशिरा जुळतात, म्हणून वरची मर्यादा सैल ठेवा आणि का ठेवली ते रिपोर्टात लिहा. गाय की बैल हा मुद्दा वेगळा मांडा, कारण गोव्यात गाईसाठी १९७८ चा गोहत्या बंदीचा कायदा आहे आणि बैल-म्हशींसाठी १९९५ चा.

जबड्याचे फोटो टाका, दोन्ही बाजूंचे आणि एक वरून, शेजारी पट्टी ठेवून. तिसरी दाढ नीट दिसली तर रेंज किती आवळता येईल ते सांगतो.