कुटुंबं बदलली की सरकारी धोरणात नेमकं काय बदलतं?

कुटुंबाचं रूप बदलतं तसं सरकारी कुटुंबधोरण खरंच बदलतं, की नुसत्या घोषणा होतात, असं तुम्ही विचारलं आहे. घोषणा बाजूला ठेवा आणि कायद्यात दोन गोष्टी शोधा: हक्क कोणाच्या नावावर आहे, आणि ‘कुटुंब’ म्हणून कोणाला मोजलं आहे. या दोन्ही जागी काही हललं नसेल, तर घरात फारसं काही बदलत नाही.

रजेचंच बघा. स्वीडनने १९७४ मध्ये फक्त आईची असलेली बाळंतपणाची रजा मोडून आई-वडील दोघांची पालकत्व रजा आणली. कागदावर समानता आली. पण वडिलांना आपले दिवस आईच्या नावावर करता येत होते, त्यामुळे जवळजवळ सगळी रजा आईच घेत राहिली. यात कोणाची वाईट नियत नव्हती. ज्याचा पगार कमी तो घरी थांबला की घराचं नुकसान कमी होतं, आणि बहुतेक घरांत तो पगार आईचा असतो. नॉर्वेने १९९३ मध्ये चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखले. घेतले नाहीत तर बुडाले. काही वर्षांतच तिथले बहुसंख्य वडील रजेवर जाऊ लागले. मग स्वीडननेही १९९५, २००२ आणि २०१६ मध्ये एकेक महिना राखीव केला. आज तिथे एका मुलामागे ४८० दिवस मिळतात आणि दोघांचेही प्रत्येकी ९० दिवस एकमेकांना देता येत नाहीत.

रजा राखीव असली तरी भत्ता तुटपुंजा असेल तर ती कोणाला परवडत नाही. जर्मनीने २००७ मध्ये भत्ता पगाराशी जोडला: निव्वळ उत्पन्नाच्या साधारण दोन तृतीयांश, महिन्याला कमाल १८०० युरो, १२ महिने, दोघांनीही किमान दोन-दोन महिने घेतले तर १४. पण एक वर्षाच्या मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आला तो थेट ऑगस्ट २०१३ मध्ये. मधल्या काळात भत्ता संपला आणि पाळणाघरात जागा नाही, अशा कात्रीत पालक सापडायचे. धोरण तपासताना रजा संपण्याची आणि पाळणाघर सुरू होण्याची तारीख शेजारी शेजारी लिहून बघा. मला ही सगळ्यात महत्त्वाची कसोटी वाटते.

तिसरी अडचण कचेरीतली. जपानमध्ये वडिलांना लांबलचक रजेचा हक्क होता, तरी २०१५ मध्ये ती घेणारे तीन टक्क्यांहूनही कमी होते. साहेबाकडे रजा मागायचाच संकोच. २०२२ पासून मालकानेच मूल होणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला रजेची माहिती देऊन ‘घेणार का?’ असं विचारायचं, अशी सक्ती झाली. २०२३ मध्ये प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास गेलं.

आता मोजणीकडे. पालक विभक्त झाले आणि मूल दोन्ही घरी राहतं, तर बालभत्ता कोणाला द्यायचा? कॅनडात मूल दोघांकडेही किमान ४० टक्के वेळ राहत असेल, तर प्रत्येकाचा भत्ता त्याच्या स्वतःच्या घरच्या उत्पन्नावर काढतात आणि त्याच्या निम्मी रक्कम देतात. मात्र विभक्त झाल्याचं लगेच कळवायचं नसतं, सलग ९० दिवस वेगळं राहिल्यावर कळवायचं. नवा जोडीदार आला तर पुढचा महिना संपायच्या आत कळवावं लागतं, कारण त्याचंही उत्पन्न घराच्या उत्पन्नात धरतात. कळवायला उशीर झाला की जास्त मिळालेली रक्कम नंतर परत करावी लागते, आणि याचा सगळ्यात मोठा फटका हातावर पोट असलेल्या एकल पालकांना बसतो.

आई-वडिलांपलीकडच्या माणसांची मोजणीही आता सुरू झाली आहे. जुलै २०२४ पासून स्वीडनमध्ये पालकांना आपले काही भत्त्याचे दिवस आजी-आजोबांना किंवा मूल सांभाळणाऱ्या दुसऱ्या कोणालाही देता येतात: दोन पालक असतील तर प्रत्येकी ४५, एकच असेल तर ९०. राखीव ९० दिवसांना मात्र हात लावता येत नाही.