रुग्णालयातली गर्दी कमी करायला 'सिस्टिम्स थिंकिंग'चा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या ओपीडीत रोज झुंबड उडते, डॉक्टर वाढवले, बाकं वाढवली तरी फरक नाही, आणि आता एका प्रशिक्षणात हा शब्द कानावर पडलाय. उपयोग होतो. शब्द मात्र तूर्त बाजूला ठेवा.

मी सोलापूरचा. रुग्णालयात येण्याआधी टॉवेलच्या कारखान्यात उत्पादन खात्यात होतो. मागावर सारखा धागा तुटायला लागला की नवखा सुपरवायझर विणकराला बोल लावतो. जुना जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा मिस्त्री, आधी सायझिंगला, म्हणजे विणण्याआधी धाग्याला खळ लावतात त्या खात्यात, जाऊन खळ कशी बसलीय ते बघतो. दोष दिसतो मागावर, पण बऱ्याचदा झालेला असतो त्याच्या आधीच्या खात्यात. तुमचं 'सिस्टिम्स थिंकिंग' बरंचसं हेच.

पुढे एका ट्रस्टच्या रुग्णालयात व्यवस्थापनाचं काम आलं. सकाळी नऊला व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसे. आम्हीही आधी बाकंच घेतली! मग आठवडाभर प्रत्येक केसपेपरला एक चिठ्ठी टाचली आणि प्रत्येक खिडकीवर वेळ लिहायला लावली: केसपेपर, डॉक्टर, लॅब, पुन्हा डॉक्टर, औषधं. सिस्टर वैतागल्या, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

चिठ्ठ्या पसरून बसलो तेव्हा कळलं की पेशंट डॉक्टरांसमोर मोजकी मिनिटं असतो, बाकी सगळं थांबणं. लॅबमध्ये नमुने साठवून एकदमच मशीनला लावत. रिपोर्ट येईपर्यंत ओपीडी उठलेली असे, मग पेशंटला 'उद्या या'. म्हणजे उद्याच्या गर्दीत आजचीच माणसं. नवीन डॉक्टर आल्यावर तर तपासण्या आणखी झपाट्याने लिहून होऊ लागल्या आणि 'उद्या या' वाढलं. यात लॅबवाल्याला झोडपणं सोपं होतं. पण थोडे थोडे नमुने लावले की रिएजंट, म्हणजे तपासणीचं रसायन, जास्त जातं, आणि महिनाअखेरीला त्या खर्चाची बोलणी त्यालाच खावी लागत. त्याच्या जागी मी असतो तर मीही साठवूनच लावले असते.

जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम इथे कामाला येतो. आत असलेली माणसं म्हणजे तासाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचे आत जाणारे तास. समजा तासाला ४० येतात आणि प्रत्येकाचे ३ तास जातात, तर सरासरी १२० जण आत असणारच, बाकं कितीही घ्या. तेच दीड तासावर आणलंत तर ६०. डॉक्टरांनी घाई करायचीसुद्धा गरज नाही, थांबणं कापायचं.

मधुमेहाच्या जुन्या पेशंटच्या तपासण्या ठरलेल्याच असतात. त्यांचं रक्त आल्या आल्या घ्यायचं, लॅबने पहिली खेप सकाळीच लावायची, आणि जादा रिएजंटचा खर्च एकट्या लॅबच्या नावावर टाकायचा नाही, असं ठरवलं. 'उद्या या' बरंच कमी झालं. औषधांच्या खिडकीवर मात्र बाराच्या सुमाराला नवी रांग लागली, आणि हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं.

अपॉइंटमेंटचा प्रयोग साफ फसला. अक्कलकोट, मंगळवेढा, सीमेपलीकडच्या इंडीकडून येणारा माणूस पहिली गाडी पकडून येतो आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं बघतो. त्याला साडेअकराची वेळ देऊन तो साडेअकराला कशाला येईल? एसटीचं वेळापत्रकही आमच्या ओपीडीचा भाग होतं, आम्हीच ते धरलं नव्हतं.

कधी कधी तर मूळ भिंतीबाहेरच असतं. सोलापुरात नळाला पाणी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड येत आलंय, त्यामुळे घरोघरी पिंपं आणि हौद भरलेले. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, असं सांगतात. पण पुढचं पाणी कधी येईल याचा भरवसा नसताना भरलेलं पिंप कोण ओतून देईल? धूर मारला तर उडणारे डास मरतात, पिंपातल्या अळ्यांना काही होत नाही. मग आपण म्हणतो, लोक ऐकत नाहीत.

आमच्या भागातल्या एका आशाताईंनी कोरडा दिवस वारावरून काढून नळाच्या दिवसाला जोडला. पाणी यायच्या आधी पिंप तसंही तळाला गेलेलं असतं, तेव्हाच आतून कडा खसाखसा घासायच्या, भरलं की तोंडाला कापड बांधायचं. घासणं महत्त्वाचं, कारण अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. बायकांनी ते केलं, कारण त्यात एक तांब्याही पाणी वाया जात नव्हतं. डेंग्यूच्या वॉर्डात खाटा वाढवण्यापेक्षा हे मला कितीतरी शहाणपणाचं वाटतं, पण नळ एका खात्याकडे आणि ताप दुसऱ्या खात्याकडे असल्यामुळे असल्या गोष्टी वर कुणाला सुचत नाहीत.

तुम्ही चिठ्ठ्यांपासून सुरुवात करा. आणि पहिली वेळ केसपेपरच्या खिडकीवर लिहू नका, गेटवरच्या वॉचमनला लिहायला सांगा. खिडकी उघडायच्या आधी दीड-दोन तास लोक पायरीवर बसलेले असतात, आणि आमच्या पहिल्या आठवड्याच्या चिठ्ठ्यांत ते आलेच नव्हते.